फौजी माणसासाठी त्याच्याच हिशोबाची चौकड्याची शाल कशी विणून घ्यायची

आमच्याकडे सत्कार कोणाचाही असो, शाल एकच. सरपंच निवडून आला तरी तीच, मास्तर रिटायर झाले तरी तीच आणि 17 वर्षं फौजेत काढून आलेल्या माणसालाही तीच, चमकीवाली, खांद्यावरून घसरणारी, जी प्लास्टिकच्या पिशवीसकट ट्रंकेत जाते आणि पुढच्या लग्नात आहेर म्हणून बाहेर निघते. माझ्या काकांच्या ट्रंकेत अशा अकरा निघाल्या, त्यातली एक तर आम्हीच दुसऱ्या कोणाला तरी दिली होती, फिरून आमच्याच घरी आली.

तर यावर मी जे केलं ते सांगतो, कोणाला करायचं असेल तर. आयडिया स्कॉटलंडच्या पलटणींची आहे. त्यांचा तो चौकड्याचा घागरा, किल्ट, आणि त्याचं कापड म्हणजे टार्टन. दिसायला साधे चेक्स वाटतात पण प्रत्येक पलटणीचे वेगळे. ब्लॅक वॉच या जुन्या पलटणीचा चौकडा गडद निळा, हिरवा आणि काळा. त्याच चौकड्यात एक पिवळी रेघ टाकली की गॉर्डन हायलँडर्स, आणि पिवळीच्या जागी पांढरी न् लाल रेघ आली की मॅकेन्झी टार्टन, म्हणजे सीफोर्थ हायलँडर्स. जमीन तीच, रेघ बदलली की माणूस कुठला ते लांबूनच कळतं. 1746 च्या कलोडनच्या लढाईनंतर इंग्रजांनी तिकडच्या डोंगरी लोकांच्या या पेहरावावर बंदी घातली, ती 1782 पर्यंत चालली, पण फौजेतल्या पलटणींना सूट होती. म्हणून टार्टन आणि फौज हे नातं एवढं घट्ट बसलं.

आणि हे लोक आपल्याला परके नाहीत बरं का. 29 नोव्हेंबर 1803 ला आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेवर चालून आली त्यात 74 वी आणि 78 वी या हायलँडर पलटणी होत्या, तेच लोक पुढे 15 डिसेंबरला गाविलगडावर चढले. ही 78 वी म्हणजेच पुढची सीफोर्थ. आपल्याच माणसांवर चालून आलेल्यांची रीत कशाला उचलायची असं आमच्यात एकजण म्हणाला. पण आपल्या आर्मीच्या पाइप बँडवाल्यांच्या खांद्यावर आजही चौकड्याचं कापड असतं आणि ते पाहताना आपल्याला काही वाटत नाही, त्यामुळं तो वाद मी तिथंच सोडला.

आता करायचं कसं. आधी माणसाकडे बसा, चहा घ्या, डिस्चार्ज बुक मागा. त्यात भरती कधी, पलटण कोणती, किती वर्षं, कोणते मेडल, सगळं लिहिलेलं असतं. घरात कागद सापडत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, पण घरच्या माणसाला सोबत घेऊनच. एक गोष्ट आधीच ठरवा, पलटणीचं चिन्ह शालीवर विणायचं नाही, ते पलटणीचं आहे, आपण उचलून कशावरही छापायचं नसतं. आणि तिरंग्याची शाल तर अजिबात नको, झेंड्याचं पांघरूण करायला ध्वजसंहितेतच मनाई आहे.

मग रंग कुठून आणायचे? 7 डिसेंबरच्या ध्वजदिनाचा जो छोटा झेंडा शर्टाला लावतात ना, त्यात तीन रंग असतात, लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा आणि फिकट निळा वायुदलाचा. हेच घ्या. काका पायदळातले, त्यामुळं निळ्यावर उठून दिसणारा लाल त्यांचा, आणि चौथा रंग पांढरा, आपल्या कापसाचा. पांढऱ्या रेघेत जेवढे धागे तेवढी नोकरीची वर्षं. सगळी गंमत या रेघेत आहे, कारण बाकी शाल गावातल्या दोन फौजींची सारखी असू शकते, ही रेघ नाही.

माझा हिशोब असा होता: गडद निळे 80 धागे, लाल 8, परत गडद निळे 16, फिकट निळे 40, मग मधोमध पांढरे 17, आणि तिथून आरशासारखं उलटं, फिकट 40, गडद 16, लाल 8 आणि पुन्हा 80 वर. 80 आणि 17 एकदाच मोजायचे, बाकीचे दोनदा, म्हणजे एक चौकडा 225 धाग्यांचा. इंचाला 40 धागे धरले तर साडेपाच इंचाच्या थोडा वर. रुंदीत असे 7 घ्या, 1575 झाले, आणि दोन्ही काठ सारखे दिसावे म्हणून शेवटी निळे 80 अजून, एकूण 1655, साधारण 41 इंच. लांबीला 14 चौकडे पुरतात, म्हणजे 80 इंच, वर झालरीचं वेगळं. सूत दुपदरी 20 नंबरचं चालतं. कापूस पाण्यात आटतो हे विसरू नका, मी विसरलो होतो.

हा कागद घेऊन हातमागवाल्याकडे जा. आपल्याकडे नागपूर, भंडाऱ्याच्या बाजूला कोष्टी मंडळी आहेत, सगळ्यांना चौकड्याचं काम आवडत नाही कारण आडव्या बाजूलाही रंग बदलत राहावं लागतं, सारखे धोटे (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे जातात ते) बदलायचे. ज्यांच्याकडे मी गेलो ते म्हातारेबाबा माझा कागद पाहून म्हणाले, "उभे 17 ठीक हाय, आडवे 17 जमत नाई." कारण साधं होतं, धोटा या बाजूनं गेला की त्या बाजूला जाऊन बसतो, परत आणायला जोडीच लागते, म्हणून आडवे धागे सम पाहिजेत. मी काकांना फोन लावला, आडवे 18 करतो म्हटलं. काका म्हणाले, "एक साल जास्तीचं कायले बापा, पेन्शन थोडीच वाढते." शेवटी ताण्यात म्हणजे उभे 17, बाण्यात म्हणजे आडवे 18 असंच ठरलं आणि काका आता सगळ्यांना तेच मोजून दाखवतात.

खरं टार्टन तिरप्या विणीचं असतं, दोन धाग्यांवरून दोन धाग्यांखालून, प्रत्येक ओळीत एक धागा सरकत. मागावर सोय नसेल तर साधी वीण करून घ्या, चौकडा दिसतोच. फक्त ठोका सारखा पाहिजे, आडवेही इंचाला 40 च बसले पाहिजेत, हात जड पडला की चौकोनाच्या पट्ट्या होतात. एक रंग त्याच रंगाला आडवा आला की गच्च दिसतो, दुसऱ्याला आला की मिसळतो, असे चार रंगांतून दहा रंग निघतात, ते पाहायला मजा येते.

रंग पक्का आहे का ते सूत घेतानाच पाहा. ओल्या पांढऱ्या फडक्यानं लाल लडी जोरात घासा, फडकं गुलाबी झालं तर उठून या. माझी पहिली लाल लडी अशीच कच्ची निघाली, दुकानदार "पक्का हाय भाऊ" म्हणत राहिला, नमुना धुतला तर पांढरी रेघ गुलाबी, 17 वर्षं गुलाबी.

पोरांचं म्हणणं होतं किल्टच शिवू. शिवता येतो, पण आठ वार कापड लागतं (आपलं नऊवार त्याच्याहून एक वार पुढंच आहे), चुण्या सगळ्या मागं, आणि पलटणीच्या किल्टमध्ये प्रत्येक चुणीवर तीच एक रेघ बरोबर मधोमध आली पाहिजे, तर चालताना ती रेघ दिसते. आपल्या शिंप्याकडून दोन तासांत होणारं काम नाही. शाळेचा बँड असेल तर खांद्यावर पट्टा टाका, बस झालं. आणि कोणी हौसेनं फौजी वर्दी घालायची म्हणेल तर सरळ नाही म्हणा.

द्यायचा दिवस 14 जानेवारी धरला तर तो माजी सैनिकांचा दिवस, फील्ड मार्शल करिअप्पा 1953 ला त्याच तारखेला निवृत्त झाले होते, पण आपल्याकडे त्या दिवशी संक्रांत, बायका वाणात आणि माणसं कुठंतरी. 7 डिसेंबरला कापसाची वेचणी चालू, दिवसा कोणी फिरकत नाही, संध्याकाळी सातनंतर ठेवा. 26 जुलैला कारगिल विजय दिवस, पाऊस असला तरी लोक येतात. वीरनारी असतील तर शाल आधी त्यांच्या हातात, आणि स्टेजवर बोलवायच्या आधी घरी जाऊन विचारून या, काहींना नको असतं. घडी अशी घाला की पांढरी रेघ वर दिसेल, सोबत मराठीत चिठ्ठी, कोणता रंग कशाचा, कुठं कुठं पोस्टिंग होतं. माइकवरून भाषणाऐवजी ती चिठ्ठीच वाचा.

पहिली धुणी थंड पाण्यात वेगळी, सावलीत वाळवा. हिशोबाचा कागद मात्र फेकू नका. आमच्या वरच्या आळीत आता 24 वर्षंवाल्यांची शाल करायची आहे, त्यात फक्त 17 खोडून 24 लिहायचं, म्हणजे चौकडा 232 चा होतो, आणि सम आकडा असल्यानं म्हातारेबाबा यावेळी काही बोलणार नाहीत.