किल्ल्याचे कागदी पहारेकरी: आधी बूड, मग बाकीचं

दिवाळीत अंगणातल्या किल्ल्याच्या दरवाजाशी कागदाच्या लगद्याचे दोन फुटी पहारेकरी उभे करायचे असतील, तर सगळ्यात आधी एक शब्द मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा: बूड. बूड म्हणजे पुतळ्याखालची फळी, तिच्या चारही कडा आणि फळीला टेकणारा पायाचा कागद. गेल्या वर्षी पगडी, अंगरखा, मिश्या, सगळ्यावर वॉर्निशचे तीन हात बसले आणि बूड तेवढं राहून गेलं. किल्ल्यावर अळीव पेरलेला, त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी. ते पाणी उतरून फळीखाली साचलं आणि चौथ्या दिवशी घोट्यापासून पिंढरीपर्यंतचा कागद फुगून पोतेऱ्यासारखा मऊ झाला. वरचं वॉर्निश मात्र जसंच्या तसं. पाणी खालून वातीसारखं वर चढतं आणि वॉर्निशमुळे त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. म्हणजे वरून जितकं चांगलं रंगवाल, तितकं उघडं राहिलेलं बूड जास्त नुकसान करतं.

वेळेचा हिशोब असा. दसऱ्यापासून वसुबारस साधारण सोळा-सतरा दिवसांवर असते. नवरात्रात सांगाडा तयार हवा, कोजागिरीला कागदाचे थर संपलेले हवेत आणि शेवटचा पूर्ण आठवडा फक्त रंगाला आणि वॉर्निशला. ऑक्टोबरचं ऊन सुकवायला उत्तम, पण परतीचा पाऊस दुपारनंतर केव्हाही येतो, तेव्हा सुकत ठेवलेलं काम चार वाजता आत घ्यायचं.

सांगाड्यासाठी फूटभर चौरस, १२ मिमी जाडीचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) नको, ते कडेने पाणी पिऊन पापडासारखं फुलतं. फळीला खालून स्क्रू मारून दोन लाकडी खुंट्या बसवा, खुंट्यांवर अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे दीड-दीड फुटाचे तुकडे. हे पाय. पाइपमध्ये सुकी वाळू भरून तोंड बंद करा, नाहीतर पहिल्या वाऱ्यात पुतळा तोंडावर पडेल. पाइपच्या वरच्या टोकाला एक लिटरची बाटली बांधली की छाती आणि पोट झालं. डोक्याला चुरगळून चिकटपट्टीने आवळलेला कागदाचा गोळा पुरतो. तार जीआयचीच, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली. साधी काळी बाइंडिंग तार गंजते आणि तिचा तपकिरी डाग सगळे थर पार करून पांढऱ्या अंगरख्यावर उमटतो. हात अंगाला लागून ठेवा. पसरलेला हात उचलाउचलीत हमखास मोडतो. भाला बांबूच्या काडीचा, तो शेवटी खोवायचा.

आणि त्या खुंट्यांचे स्क्रू बुडात आहेत, लक्षात आहे ना? प्रत्येक स्क्रूचं भोक म्हणजे पाण्याला आत जायचा दरवाजा.

कागद रोजच्या वर्तमानपत्राचा. पुरवणीचा गुळगुळीत कागद खळ पीत नाही. एका पुतळ्याला सांगाड्याच्या भरणीसकट किलोभर रद्दी पुरते. कात्री लावू नका. फाडलेल्या कडेचे तंतू एकमेकांत मिसळतात, कापलेली कड मात्र रंगाखालूनही रेघेसारखी दिसते. कागद एका दिशेला सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेला वेडावाकडा, तेव्हा सरळ दिशा शोधून बोटभर रुंदीच्या पट्ट्या काढा. चेहऱ्याला नखाएवढे तुकडे. एक थर साध्या वर्तमानपत्राचा आणि पुढचा गुलाबी अर्थविषयक दैनिकाचा, असं आलटून पालटून लावलं की कुठे थर सुटला ते लगेच दिसतं. हे न केल्यामुळे काखेत आणि मानेमागे दोनच थर आणि पोटावर बारा, असे पुतळे तयार होतात.

खळीसाठी एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवा, चार वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून ओता आणि दोन-तीन मिनिटं ढवळत राहा. पांढरी खळ काचेसारखी झाली की गॅस बंद. त्यात अर्धा चमचा मोरचूद घातला की कीड आणि बुरशी लागत नाही. मोरचूद विषारी आहे, ॲल्युमिनियमचं भांडंही खातो. म्हणून जुना स्टीलचा डबा घ्या, स्वयंपाकाचं भांडं नको, आणि थर लावायला मुलं बसणार असतील तर मोरचूद घालूच नका, त्याऐवजी रोज थोडी ताजी खळ करा. मीठ घाला असं कुणी सांगेल. बाहेर उभ्या राहणाऱ्या कामात मीठ नको, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. शेवटचे दोन थर खळीऐवजी वॉटरप्रूफ गोंदाचे द्या. फेविकॉल मरीन चालतो. साधा पांढरा गोंद ओल लागली की परत मऊ पडतो.

थर एकूण आठ, दिवसाला दोनच. घाईने चार लावले की वरचा सुकतो, आतला ओला राहतो आणि आठवड्यात आतून आंबूस वास येतो. पहिले काही तास सावलीत ठेवा, मग उन्हात. ओला थर एकदम कडक उन्हात ठेवला तर एका बाजूने आक्रसून पुतळा वाकतो. सुकला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. गालाला लावून बघा: गार लागला तर ओला. खात्रीच करायची तर वजनकाट्यावर ठेवा. आज सकाळी २ किलो ६४०, उद्या २ किलो ५९०, तर अजून पाणी उडतंय. लागोपाठ दोन दिवस तोच आकडा आला की सुकला. वजनकाटा हाताशी ठेवा, बुडाच्या वेळी परत लागणार आहे. रात्री पुतळे उंचावर ठेवा, मैद्याच्या वासाने उंदीर आणि झुरळं येतात.

नाक, मिश्या, पगडीचे पीळ, शेल्याची गाठ यासाठी लगदा. कागदाचे बारीक तुकडे रात्रभर भिजवून सकाळी वीस मिनिटं उकळा, भरपूर पाण्यात जुन्या मिक्सरमध्ये फिरवा आणि फडक्यात पिळा. दोन वाट्या पिळलेला लगदा, एक वाटी खडूची पूड, अर्धी वाटी गोंद, दोन चमचे मैदा. पुरणाच्या गोळ्यासारखा हाताला न चिकटता वळला पाहिजे. एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड लावला तर तडकतो. ढालीसाठी पालथ्या वाटीवर प्लास्टिक ताणून वर पाच थर द्या, सुकल्यावर सुटी निघते.

आता बूड. इथपर्यंत आलात की हात रंगाच्या डब्याकडे जाणार, कारण नाक-डोळे उमटलेत आणि पुतळा बघतोय. थांबा. काश्मीरच्या पेपर माशेत वस्तू बांधणारा सख्तसाज वेगळा आणि रंगवणारा नक्काश वेगळा. बांधकाम पुरं झाल्याशिवाय वस्तू नक्काशाकडे जातच नाही. घरी दोघांचं काम एकाच माणसाकडे असतं, म्हणून बूड सुटतं. एकदा चेहरा रंगवला की पुतळा उलटा करायचा धीर होत नाही, मग ते राहतं ते राहतंच. दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्या. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या हेन्री क्लेने १७७२ मध्ये ज्या कागदी तक्त्यांचं पेटंट घेतलं, ते अळशीच्या तेलात मुरवून भट्टीत भाजलेले असत, म्हणजे आतपर्यंत तेल. आपल्या पुतळ्याला फक्त वरची कातडी आहे, आत सगळा कोरडा, तहानलेला कागद. एवढीशी जागा उघडी राहिली तरी पाणी तिथून शिरतं, आणि सगळ्यात मोठी उघडी जागा बुडालाच असते.

तेव्हा रंगाआधी पुतळा गोधडीवर डोकं टेकवून उलटा करा. फळीखालची प्रत्येक स्क्रूची टोपी एम-सीलने बुजवा. फळीच्या चारही कडा काचपेपरने घासा. प्लायच्या कडेला लाकडाच्या शिरा उघड्या असतात आणि त्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतात. मग ऑइल पेंट, कुठलाही उरलेला रंग चालेल. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ, म्हणजे तो आत मुरतो. नंतरचे दोन जाड. दोन हातांच्या मध्ये चोवीस तास जाऊ द्या. रंग फक्त खालच्या बाजूला नको. तो कडांवरून वर आणा, फळीच्या वरच्या बाजूवर घ्या आणि पायाच्या कागदावर तीन इंच चढवा. फळी आणि पाय मिळतात त्या खाचेत ब्रश खुपसून रंग भरा, ओल पहिली तिथूनच शिरते. शेवटी चार कोपऱ्यांना टेबलाच्या पायांना लावतात ती रबरी बुचं चिकटवा, म्हणजे बूड जमिनीपासून अर्धा इंच वर राहील आणि खालून हवा खेळेल. स्क्रूने बसवू नका, नवी भोकं पडतील.

मग परीक्षा. वजन करा, परातीत बोटाचं एक पेर पाणी घेऊन पुतळा त्यात अर्धा तास उभा ठेवा, बूड पुसून कोरडं करा आणि परत वजन करा. आकडा तोच आला तर पास. दहा-वीस ग्रॅमही वाढले, तर पाणी शिरलंय. दोन दिवस सुकवा, कडा परत रंगवा, परीक्षा परत घ्या. याला चार दिवस गेले तरी चालतील, अंगरख्यावरची बुट्टी कमी काढा. परीक्षेत पास झाल्याशिवाय चेहऱ्याला ब्रश लावायचा नाही.

रंगाला आता फार सांगण्यासारखं नाही. खडूची पूड आणि गोंदाचा पातळ लेप, सुकल्यावर १५० आणि मग २२० नंबरचा काचपेपर, वर प्रायमर. भिंतीची पुट्टी लावू नका, कागद लवतो आणि ती तडकते. रंग ॲक्रिलिक. पोस्टर कलरवर दव पडलं की मिश्या गालावर ओघळतात.

वॉर्निश बाहेरच्या वापराचं, पातळ तीन हात, एक आडवा, एक उभा, एक आडवा. त्याआधी ॲक्रिलिक दोन दिवस सुकू द्या. तेलाचं वॉर्निश पांढऱ्यावर पिवळसर पडतं, अंगरखा पांढरा हवा असेल तर पाण्याचं पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निश घ्या. हनुवटीखाली आणि काखेत आरसा धरून बघा.

मांडताना विटांवर किंवा फरशीच्या तुकड्यावर, मातीत नाही. किल्ल्याचं पाणी उताराने दुसरीकडे काढून द्या. पणती चार फूट लांब, भुईनळे दहा फूट, आत बल्ब अजिबात नको. पाऊस आला तर पडवीत घ्या. वरून प्लास्टिक गुंडाळलं तर आत घाम धरतो.

तुळशीच्या लग्नानंतर दोन दिवस ऊन द्या, जुन्या सुती चादरीत गुंडाळा, माळ्यावर ठेवा. गुंडाळण्याआधी उलटा करून बूड बघा. कडेला कुठे पोपडा उडाला असेल तर ऑइल पेंटचा हात तेव्हाच मारा.