भंगारातली जुनी छोटी गाडी पुन्हा रस्त्यावर कशी आणावी

भंगाराच्या आवारात जुनी छोटी गाडी दिसली की हात आधी बोनेटकडे जातो. हिशेब तिथेच चुकतो. इंजिन दुसरं बसवता येतं. गिअरबॉक्स, काचा, सीट, दिवे दुसऱ्या गाडीवरून काढून लावता येतात. सांगाडा तसा बदलता येत नाही, कारण १९६० नंतरच्या बहुतेक छोट्या गाड्यांना वेगळी चासी नसतेच. पत्र्याची पेटी हीच त्यांची चासी. ती गंजाने खाल्ली असेल तर गोड चालणाऱ्या इंजिनाचाही उपयोग नाही. पत्रा शाबूत असेल तर जाम झालेलं इंजिन ही फार मोठी अडचण नसते.

पैसे देण्याआधी कागद

चासी नंबर गाडीवर कुठे कोरला आहे ते शोधा, तारेच्या ब्रशने साफ करा आणि कागदावरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघा. आकडे वेडेवाकडे असतील किंवा नंबराच्या भोवती वेल्डिंगची खूण दिसत असेल तर ती गाडी सोडून द्या. गाडी अधिकृतपणे मोडीत काढल्याचा दाखला निघाला आहे का, हेही विचारा. अनेक देशांत तो दाखला निघाल्यावर गाडीची पुन्हा नोंदणी होत नाही, मग ती फक्त सुट्या भागांसाठी घेता येते. आवाराचा मालक काय म्हणतो यावर न जाता नोंदणी कार्यालयातूनच खात्री करा, आणि चासी नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय गाडी हलवू नका.

पत्रा कसा तपासायचा

सोबत न्यायच्या वस्तू थोड्याच: फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक, चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, मोजपट्टी आणि अंगाखाली घ्यायला जाड ताडपत्री. गाडी दुसऱ्या गाडीवर रचलेली असेल तर खाली वाकूनही बघू नका. आधी ती सपाट जमिनीवर उतरवून घ्या.

सुरुवात दाराखालच्या आडव्या पोकळ पट्ट्यापासून करा. त्याला सिल म्हणतात. गाडीचा बराचसा ताठपणा या दोन पट्ट्यांवर असतो आणि गंजही पहिल्यांदा इथेच धरतो. सिलच्या तळाला पाणी निचरायला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून बाहेरच्या दिशेने सडत येतो. त्यामुळे रंगावर दिसणारा छोटासा फोड ही गंजाची सुरुवात नसते, तो शेवट असतो. फोडावर अंगठा दाबा. पत्रा करकरला किंवा आत गेला तर तिथे धातू उरलेला नाही. सिलवरून चुंबक हळूहळू फिरवत न्या. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. हाताएवढ्या भागात लांबी असेल तर कधीतरी ठोकर लागली असावी. पूर्ण सिलभर असेल तर सडका पत्रा झाकलेला आहे.

यानंतर जॅक लावायच्या जागा, पुढच्या सस्पेन्शनचे वरचे माउंटिंग, मागचे पाटे किंवा आर्म जिथे बॉडीला जोडलेले असतात तो भाग, पुढच्या काचेची खालची कड आणि बॅटरीखालचा ट्रे बघा. बॅटरीचं ॲसिड सांडून ट्रे गेलेला असणं अगदी नेहमीचं आहे आणि दुरुस्तीही सोपी आहे. सस्पेन्शनच्या मुळाशी गंज असेल तर मात्र तो गाडीचा कणाच समजा. फ्लोअरवरचं मॅट उचलून स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोका. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडका पत्रा बद्द आवाज देतो. काही गाड्यांचे दुखरे भाग ठरलेले आहेत. १९५९ साली आलेल्या मूळ मिनीची मागची सबफ्रेम (मागची चाकं धरणारी वेगळी चौकट) सडते. फोक्सवॅगन बीटलमध्ये सिलमधूनच हीटरची गरम हवा खेळते, ते पोकळ मार्ग आतून खाल्ले जातात.

दाराच्या चारही बाजूंची फट सारखी आहे का तेही बघा. दार अर्धं उघडून हलकेच वर उचला. फक्त बिजागरी हलली तर पिन झिजली आहे, बिजागरीसकट खांबाचा पत्रा हलला तर काम मोठं आहे. खिडकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या मापांशी ताडा. ५-६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पेटी पिळलेली असण्याची शक्यता धरून चाला.

आवारातल्या गाडीला आणखी एक इजा झालेली असते, ती रस्त्यावरच्या जुन्या गाडीत दिसत नाही. गाड्या फोर्कलिफ्टने उचलतात आणि त्याचे दांडे फ्लोअर, सायलेन्सरचा पाइप, ब्रेकचे पाइप आणि कधीकधी इंजिनचं ऑइल चेंबरही चेपून टाकतात. खाली पडून हे सगळं बघा. गाडी नेताना दांड्यांवर जाड लाकडी फळ्या टाकायला लावा, नाहीतर तपासलेली गाडी ट्रकवर चढवतानाच चेपेल.

तिथून निघण्याआधी

त्याच मॉडेलची दुसरी गाडी आवारात असेल तर त्याच दिवशी तिच्यावरून भाग काढून घ्या, पुढच्या आठवड्यात ती दाबून चौकोनी झालेली असू शकते. काच वर-खाली करायचा हँडल, दाराची कुलपं, रबरी पट्ट्या, दिव्यांच्या काचा, डिस्ट्रिब्युटर कॅप, कार्ब्युरेटर, वायपरची मोटर या गोष्टी नव्या मिळणं सर्वांत अवघड असतं. ब्रेकचे भाग मात्र जुने घेऊ नका. गाडी ओढत नेऊ नका, सपाट ट्रकवर विंचने चढवा. चाकं जाम असतील तर टायरखाली साबणाचं पाणी ओतलं की ती फळीवरून सरकतात.

इंजिन जागवताना घाई नको

बॅटरी जोडून सेल्फ मारून बघायचा मोह होईल. तो आवरा. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असतात. सेल्फच्या झटक्याने रिंग तुटते किंवा सिलिंडरवर ओरखडा जातो.

सगळे प्लग काढा आणि प्रत्येकाचं टोक बघा, ते सिलिंडरची कहाणी सांगतं. तपकिरी कोरडं टोक उत्तम, काळं तेलकट टोक म्हणजे तेल जळत होतं, आणि लालसर गंज म्हणजे आत पाणी शिरलं होतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये १०-१५ मिलिलिटर पातळ तेल ओता. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून वापरलं तर ते फटीत लवकर शिरतं, पण हे मिश्रण पेट घेणारं आहे, म्हणून आसपास ठिणगी नको. दोन दिवस थांबा. मग क्रँक पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हलका दाब द्या. उलट फिरवलं तर बोल्टच सैल होतो. इंजिन हललं नाही तर पुन्हा तेल ओता आणि पुन्हा थांबा. आठवडा लागला तरी चालेल. पान्याला पाइप लावून ताकद मात्र लावू नका. एकदा केसभर हललं की त्याच दिशेने थोडं थोडं करत मोकळं होतं.

इंजिनला टायमिंग बेल्ट असेल तर सेल्फ मारण्याआधी तो बदला. उभ्या गाडीतही रबर कडक होतं, आणि बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. मूळ मिनीसारख्या गाडीत चेन असते, तिथे ही काळजी नाही.

जुनं ऑइल काढा. ते दुधाळ निघालं तर त्यात पाणी आहे. नुसत्या झाकणाखाली पांढरट साय असेल तर ती आतल्या दमटपणाचीही असू शकते, पण डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं तर हेड गॅस्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या सांध्याच्या पट्टीचा) संशय घ्या. नवं ऑइल आणि फिल्टर घाला. प्लग बाहेरच ठेवून, प्लगच्या भोकांवर फडकं टाकून, दहा दहा सेकंद सेल्फ मारा आणि मधे तो थंड होऊ द्या. ऑइलचा दिवा विझेपर्यंत प्लग लावायचे नाहीत.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवेचा किती दाब तयार होतो ते, मोजा. कॉइलची जोडणी काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा. निरोगी जुन्या पेट्रोल इंजिनात साधारण १३० ते १८० पीएसआय येतं, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १५ टक्क्यांच्या आत हवा. एखादा सिलिंडर कमी पडला तर त्यात ५ मिलिलिटर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांचा, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी आले तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं असतं. पहिल्या मोजणीवरून इंजिन खोलायला घेऊ नका. व्हॉल्व्हच्या बैठकीवरचा हलका गंज इंजिन थोडं चालल्यावर निघून जातो आणि आकडा सुधारतो.

टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निशसारखं वास मारतं, त्यावर गाडी चालू करू नका. पहिल्या स्टार्टसाठी छोट्या कॅनमधून ताजं पेट्रोल द्या. कार्ब्युरेटर खोलून त्यातले जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं, क्लीनरने आणि हवेने साफ करा, तार घालून नाही. तारेने भोक मोठं होतं आणि मिश्रण कायमचं बिघडतं. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. टाकी आतून गंजली असेल तर एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड या प्रमाणात भरून दोन दिवस ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. टाकीला वेल्डिंग कधीच करू नका, रिकाम्या टाकीतली वाफही फुटते.

बॅटरी पहिल्यांदा जोडताना, म्हणजे वर सांगितलेला सेल्फ मारण्याच्याही आधी, ती थेट न जोडता पॉझिटिव्ह टोक आणि केबल यांच्यामध्ये २१ वॉटचा बल्ब लावा. सगळं बंद असताना बल्ब पूर्ण पेटला तर वायरिंगमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे. आधी तो शोधा. या एका बल्बने अनेक गाड्या जळण्यापासून वाचतात. सेल्फ मारताना मात्र बल्ब काढा.

डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) बारीक पॉलिश पेपरने साफ करून फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवा, प्लगची फट ०.६ ते ०.८. अग्निशामक हाताशी ठेवून स्टार्ट करा. पहिली काही मिनिटं निळा धूर येणारच, ते तुम्हीच ओतलेलं तेल आहे. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट जळतंय, इंजिन बंद करा.

वेल्डिंग

सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी लोखंडी पट्टी टाका, नाहीतर गाडी मधून खचते आणि दार पुन्हा बसत नाही. दोन्ही सिल एकदम कापू नका. चकचकीत धातू लागेपर्यंत सडका भाग काढा. फ्लोअर आणि सिलला साधारण १ मिलिमीटरचा पत्रा, ०.६ मिलिमीटरची मिग वेल्डिंगची वायर वापरा. एका दमात लांब रेघ ओढली तर पत्रा तापून वाकतो. टाके एकमेकांपासून लांब लांब मारत मधल्या जागा भरत जा. आधी बॅटरी सोडा आणि पेट्रोलची लाइन, सीट व मॅट बाहेर काढा. काम झाल्यावर सिलच्या पोकळीत गंजरोधक मेण फवारा, निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा.

ब्रेक, मगच चाकं

इथे काटकसर नाही. रबरी होज, व्हील सिलिंडर, ब्रेक शू सगळं नवं घ्या. जाम ड्रम काढताना आधी ॲडजस्टर सैल करा, मग कडेने गोल फिरत हातोडीने ठोका. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. लोखंडी ब्रेक पाइप क्लिपखाली गंजतात, म्हणून क्लिप काढल्याशिवाय ते चांगले आहेत असं म्हणू नका.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना जुन्या मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या भागाचा) पेडल तळापर्यंत दाबू नका. पिस्टन एरवी जिथे जात नाही तिथे गंज बसलेला असतो, त्यावर घासून सील फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. काम झाल्यावर पेडल मिनिटभर दाबून धरा. कुठेही गळती नसताना तो हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर बदला.

टायरच्या बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे. असा टायर नक्षी कितीही खोल असली तरी फेकून द्या.

पहिली चाल स्वतःच्या आवारातच, चालण्याच्या वेगाने. मग ५ किलोमीटर, आणि परत येऊन प्रत्येक चाकाचा ड्रम हाताने तपासा. एखादा बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर तिथे ब्रेक धरून राहतोय. ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा, ५०० किलोमीटरनंतर ऑइल बदला. रंगाला हात त्यानंतरच लावा, कारण एवढ्या काळात ब्रेकचं एखादं तरी युनियन (पाइपाचा जोड) पुन्हा उघडावं लागतं आणि ब्रेक ऑइलचा एक थेंबही ताज्या रंगाला फोड आणतो.