प्रवासात वर्गाला सोबत न्यायचंय? मग या चुका टाळा

शिक्षक प्रवासाला निघाले की ग्रुपवर फोटोंचा पाऊस सुरू होतो आणि दोन-तीन दिवसांत मुलांचं त्यावरचं लक्षच उडतं. कारण सरळ आहे, मुलांना तिथे करायला काहीच नसतं. "बघा मी कुठे आलोय" हे नातेवाइकांना चालतं, वर्गाला नाही.

टायटॅनिकचे अवशेष शोधणारे रॉबर्ट बॅलार्ड यांना मुलांची हजारो पत्रं आली, आम्हालाही सोबत न्या म्हणून. त्यातून 1989 मध्ये जेसन प्रोजेक्ट सुरू झाला, समुद्रातून थेट प्रक्षेपण तर होतंच, पण काही मुलांना पाण्याखालचा रोबो लांबून चालवायलाही मिळाला. आपल्याकडे रोबो नाही, ठीक आहे, पण काम तर देता येतं ना.

म्हणून पहिली चूक म्हणजे निघण्याआधी प्रश्न गोळा न करणं. "तिकडे कसं वाटतंय" टाइपचे प्रश्न सरळ बाजूला काढा, जे मोजून, बघून किंवा कुणाला विचारून आणता येईल तेच ठेवा, जसं की पाट्या किती भाषांत आहेत, बसमध्ये तिकीट कोण देतं. प्रश्नासमोर मुलाचं नाव लिहा आणि उत्तर देताना ते नाव घ्या, फरक लगेच दिसेल.

सावलीवरून पृथ्वीचा घेर काढायचा प्रयोग तर कराच, पण तो फसतो कुठे तेही बघा. शाळेत मुलांनी आणि प्रवासात तुम्ही, दोन्हीकडे एक मीटरची काठी उभी करायची, सावली मोजायची, स्केलने चित्र काढून सूर्यकिरणांचा काठीशी होणारा कोन काढायचा. दोन कोनांतल्या फरकाने 360 ला भागा, त्याला दोन ठिकाणांमधल्या अंतराने गुणा, पृथ्वीचा घेर मिळतो. उत्तर भलतंच आलं तर आधी विचारा, घड्याळात बारा वाजले म्हणून मोजलंत का? सावली सगळ्यात छोटी होते तेव्हाच मोजायचं, आणि ती वेळ दोन्हीकडे वेगळी असते. दुसरं, अंतर फक्त उत्तर-दक्षिण धरायचं, विमानाचं नाही. 500 किमीला फरक जेमतेम साडेचार अंश येतो, त्यामुळे शंभरेक किमीवर गेलात तर मोजण्यातली चूकच सगळं खाऊन टाकते. एकीकडे सावली उत्तरेला आणि दुसरीकडे दक्षिणेला पडत असेल तर कोन वजा नाही, बेरीज करायचे. हे बरेच जण विसरतात.

व्हिडिओ कॉलवर सगळा भरवसा टाकू नका. पूर्व-पश्चिम रेखांशाच्या 15 अंशांना साधारण एक तासाचा फरक पडतो, वर्ग भरलेला असताना तुमच्याकडे मध्यरात्र असू शकते, त्यात नेट गेलं की मुलं नुसती गोल फिरणारं चक्र बघत बसतात. एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ रेकॉर्ड करून आधीच पाठवलेले बरे. कॉल केलाच तर सगळ्यांनी एकदम बोलायचं नाही, दोन-तीन मुलं आधी ठरवून ठेवा. आणि तुमच्या जागी वर्ग घेणाऱ्यांना कुठल्या दिवशी काय करायचं ते लिहून द्या, नाहीतर तो व्हिडिओ कुणी लावणारच नाही.

तुम्ही आत्ता नेमके कुठे आहात ते उघड्यावर टाकू नका, जागा सोडल्यावर सांगा. अनोळखी लोकांचे, खासकरून लहान मुलांचे फोटो न विचारता पाठवायचेच नाहीत.

पोस्टकार्ड पाठवणार असाल तर पहिल्याच दिवशी टाका, नाहीतर कार्डाच्या आधी तुम्हीच वर्गात हजर.