एमडी-पीएचडीला अप्लाय करायचंय? मग ग्रॅज्युएशनलाच लॅब धरा

अमेरिकेत डॉक्टर आणि सायंटिस्ट दोन्ही व्हायचं असेल तर एमडी (तिथली डॉक्टरकीची पहिली डिग्री) आणि पीएचडी एकत्र देणारा एमडी-पीएचडी हा सरळ रस्ता, पण साधारण ८ वर्षं जातात, आधी २ वर्षं मेडिकल, मग ३-४ वर्षं पीएचडी, मग परत वॉर्डात. एनआयएच, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या, पैशावर चालणाऱ्या प्रोग्रामना एमएसटीपी म्हणतात, १९६४ पासून चालू आहेत, फी माफ आणि वर स्टायपेंड. पण नुसती फी वाचते म्हणून यात पडणार असाल तर नका पडू, तेवढ्या वर्षांत साधा एमडी झालेला माणूस कमवायला लागलेला असतो.

मार्क तर लागतातच. एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, ५२८ पैकी असते आणि ज्यांना ॲडमिशन मिळते त्यांची सरासरी ५१५ च्या आसपास, त्यामुळे तिला निवांत वेळ ठेवा.

खरी मेख रिसर्चमध्ये आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षातच लॅब शोधा, प्रोफेसरांना ईमेल टाकताना त्यांचं एखादं पेपर खरंच वाचून टाका, आणि एकदा जागा मिळाली की टिकून राहा. दर सेमिस्टरला नवी लॅब बदलणारी मुलं असतात, यादी लांब दिसते पण विचारलं की नेमका प्रश्न काय होता तर गडबडतात. त्यापेक्षा एकाच लॅबमध्ये दोन वर्षं काढलेला, प्रयोग का फसला आणि मग कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) कसा बदलला हे सांगू शकणारा भारी पडतो. पेपर छापून आला तर उत्तम, नाही आला तरी अडत नाही. सुट्टीत पूर्णवेळ रिसर्च करायला एनएसएफचे (सरकारी विज्ञान संस्थेचे) आरईयू किंवा ॲमजेन स्कॉलर्स असे कॉलेजच्या मुलांसाठीचे समर रिसर्च प्रोग्राम बघा.

हे सगळं फॉर्ममध्ये उतरतं. एएमसीएएसवर, म्हणजे मेडिकल कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन फॉर्मवर, नेहमीच्या पर्सनल स्टेटमेंटशिवाय दोन निबंध जास्तीचे असतात, एक ३,००० कॅरेक्टरचा, दोन्ही डिग्र्या का हव्यात यावर, आणि दुसरा तब्बल १०,००० चा, तुमच्या रिसर्चवर. दुसऱ्यात लॅबने काय केलं ते नको, तुम्ही काय केलं ते लिहा. आणि ज्या ज्या लॅबचं नाव त्यात टाकाल तिथल्या गाइडचं पत्र बऱ्याच ठिकाणी मागतात, म्हणून भांडून लॅब सोडू नका.

पेशंटजवळ पण थोडं जा हं, शॅडोइंग करा (डॉक्टरसोबत राहून त्यांचं काम बघा), क्लिनिकमध्ये व्हॉलंटियरिंग करा, नाहीतर इंटरव्ह्यूत "मग नुसती पीएचडीच का नाही करत?" असं विचारतात आणि त्याला उत्तर नसतं.

रिसर्च कमी वाटत असेल तर डिग्रीनंतर एक-दोन वर्षं थांबा, एनआयएचचा पोस्टबॅक (डिग्रीनंतर त्यांच्या लॅबमध्ये रिसर्च करायचा प्रोग्राम) त्यासाठीच आहे, आणि हल्ली थांबून येणारेच जास्त.

एमएसटीपीला पैसा देणारी एनआयएचची ट्रेनिंग ग्रँट फक्त अमेरिकन सिटिझन आणि ग्रीनकार्डवाल्यांना चालते. स्टुडंट व्हिसावर असाल तर काही मोजकीच कॉलेजं स्वतःच्या पैशाने घेतात, ती यादी फॉर्म भरायच्या आधीच काढा, आणि फॉर्म जूनमध्येच टाका.