उपटलेली गोचीड गोठ्यात टाकू नका

श्रावणाचं ऊन-पाऊस सुरू झालंय. हवा दमट, गोठा उबदार. गोचिडींना यापेक्षा चांगले दिवस नाहीत. पोळ्यापर्यंत एखादं दुसरं काम मागे पडलं तरी चालेल, पण रोज एकदा प्रत्येक जनावराच्या अंगावरून हात फिरवाच.

धार काढायला बसलं की कासेजवळ हाताला काहीतरी लागतं. बघावं तर एरंडाच्या बीएवढी फुगलेली, करडी गोचीड. नखांत धरायची, उपटायची आणि बाजूला भिरकावून द्यायची, ही सवय घरोघरी आहे. माझं सगळं म्हणणं या भिरकावण्याबद्दल आहे. फुगलेली गोचीड म्हणजे अंडी घालायला निघालेली मादी. ती गव्हाणीच्या फटीत शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. ती जिथे उतरणार होती तिथे तुम्हीच तिला पोचवता.

गेल्या पावसाळ्यात शेजारची पहिलारू संकरित गाय गोचीडतापाने गेली. दुकानदाराने तीन वेळा महागडं इंजेक्शन गळ्यात मारलं होतं. अंगावरच्या गोचिडी पडायच्या, पंधरा दिवसांत परत तेवढ्याच. शेवटी गव्हाणीमागचा सुटलेला गिलावा खुरप्याने उकरला, तर आत खसखशीसारखी तपकिरी, चकाकणारी अंडी मुठीने निघाली. इंजेक्शन गाईला दिलं, भिंतीला कोण देणार?

नखाने उपटण्यात आणखी दोन धोके आहेत. सोंड कातडीत तुटून राहते, तिथे जखम चिघळते, माशी बसते, अळ्या पडतात. आणि गोचीड चिरडली की तिचं रक्त आपल्या हाताला लागतं. काँगो तापाचा विषाणू असाही माणसात शिरतो. 2011 साली गुजरातेत हा ताप माणसांत आढळला आणि त्यात माणसं दगावली. हाताला चीर असेल तर उघड्या बोटांनी गोचीड फोडूच नका. रॉकेल, चुना, तंबाखू लावणं किंवा विडीचा चटका देणंही नको. डिवचलेली गोचीड पोटातलं जखमेत ओकते, म्हणजे रोग आत ढकलल्यासारखंच.

गोचीड काढायचा प्लास्टिकचा आकडा मिळतो. कुत्र्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात मागा, लहान-मोठे दोन्ही घ्या. हातोडीला खिळा उपटायला जशी मागे खाच असते, तशीच याला बारीक खाच असते. केस बाजूला करा, आकडा कातडीला टेकवून बाजूने सरकवा, गोचीड खाचेच्या टोकाशी घट्ट बसू द्या. मग न ओढता, न दाबता हलकेच उचलून धरत जागच्या जागी फिरवा. दोन-तीन फेऱ्यांत ती सोंडेसकट सुटते. आकडा नसेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. चिमटा असेल तर पिळू नका. हातात मोजे हवेत. निघालेली गोचीड थेट डिझेल घातलेल्या झाकणाच्या बाटलीत. जमिनीवर नाही. जखमेला आयोडीन लावा, हात साबणाने धुवा.

अंगावर शेकडो असतील तिथे आकडा पुरणार नाही, फवारणीच करावी लागेल. पण कानाच्या आत, शेपटीखाली, सडांमध्ये, गळ्याच्या पोळीत फवारा पोचत नाही. तिथे आकडाच. लहान वासरांनाही मी आधी आकडाच लावतो.

फवारणी:
– डेल्टामेथ्रिन 1.25 टक्के किंवा अमिट्राझ 12.5 टक्के, यांपैकी एकच. 1 लिटर पाण्यात 2 मिली
– आधी भरपूर पाणी पाजा, म्हणजे जनावर अंग चाटणार नाही
– सावलीत, वाऱ्याच्या दिशेने. तोंडाला फडकं, हातात मोजे
– डोळे, तोंड, जखमा टाळा
– त्याच दिवशी गोठ्याच्या भिंती, फटी, गव्हाणीचा तळ
– 15 ते 21 दिवसांनी पुन्हा

डोस दुप्पट केल्याने गोचीड दुप्पट मरत नाही, जनावर मात्र विषबाधेने आडवं होतं. दुभत्या गाईला आयव्हरमेक्टिन, म्हणजे गोचिडीवरचं इंजेक्शन, दुकानदाराच्या सांगण्यावरून टोचू नका, ते दुधात उतरतं. तेवढ्या पैशांत फटी सिमेंटने बुजवा, चुना मारा, दगडी भिंतीवर फ्लेम गन, म्हणजे आगीचा झोत सोडणारी नळी, फिरवा. गवताचं छप्पर असेल तर फ्लेम गन नकोच. चार गावरान कोंबड्या गोठ्यात सोडा. त्या किती गोचिडी खातात ते मी मोजलेलं नाही, पण कोंबड्या असलेल्या गोठ्यांत मला गोचीड कमी दिसते. फुगलेल्या माद्या पहाटेच्या धारेला जास्त सापडतात, हाही माझा अंदाज. म्हणून आकडा आणि बाटली मी धारेच्या बादलीजवळच टांगतो.

अंग तापलं, खांद्यापुढची गाठ सुजली, चारा सुटला किंवा लघवी कॉफीसारखी झाली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा आणि रक्त तपासून घ्या. उद्यावर टाकू नका.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैल शांत उभा असतो. हळद-लोणी लावून झालं की त्याचे दोन्ही कान उलटून बघा आणि शेपूट उचला. बाटली उघडून जवळ ठेवा.