क्रोशाचा चौकोन चौकोनीच यावा, म्हणून या चुका टाळा

एकदम मोठं पांघरूण विणायला घेण्यापेक्षा सहा इंची चौकोन विणून ते जोडणं नवशिक्यांना सोपं जातं. बाजेवर बसल्या बसल्या दोन-चार ओळी होतात, मांडीवर ओझं होत नाही, आणि बिघडलं तर एकच चौकोन उसवावा लागतो. घोळ कळतो तो दहा चौकोन एकावर एक ठेवल्यावर. एक तिरका, एक लांबट, एक पुठ्ठ्यासारखा ताठ. याची कारणं मोजकीच आहेत आणि बहुतेकांची सुरुवात पहिल्या दोन ओळींतच होते.

इथे घेतलेला चौकोन दोनच टाक्यांचा आहे. मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा, सुईवर २ फास येतात, पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. खांबाला आधी सुईवर एक वेढा घ्यायचा, मग टाक्यात घालून ओढायचं, ३ फास येतात, ते दर वेळी दोरा घेऊन दोन-दोन करून दोनदा काढायचे. ओळीत एक मुका, एक खांब असं एकाआड एक चालायचं. पुढच्या ओळीत खांबावर मुका आणि मुक्यावर खांब. विणकामावर ज्वारीचे दाणे पसरल्यासारखा उठाव येतो आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

साध्या ४ पदरी लोकरीला ४ मिमीची सुई घ्या. २५ साखळ्या घाला (साखळी म्हणजे सुईवरच्या फासातून दोरा ओढून काढलेला नवा फास). सुईजवळची पहिली साखळी सोडून दुसरीत मुका, तिच्या पुढचीत खांब, असं शेवटपर्यंत. २४ टाके होतात आणि शेवटचा खांब असतो. काम वळवा, १ साखळी घाला, पहिल्याच टाक्यात मुका खांब. साधारण १६ ओळींत चौकोन भरतो.

टाके कमी होत जाणं

सगळ्यात जास्त चौकोन इथेच बिघडतात. चौकोन वर वर अरुंद होत समोशाच्या आकाराला येतो. टाके मधे हरवत नाहीत, काठाला हरवतात.

वळताना घातलेली १ साखळी फक्त उंचीसाठी आहे, ती टाका म्हणून मोजायची नाही. ज्यांनी आधी नुसत्या खांबांचं तोरण किंवा रुमाल विणला आहे, त्यांना ३ साखळ्या घालून पहिला टाका सोडायची सवय असते. त्याच सवयीनं इथेही पहिला टाका सुटतो. ओळीच्या शेवटी उलटी अडचण. तिथे खालच्या ओळीचा पहिला मुका खांब असतो. तो बुटका, त्यात वळणाच्या साखळीनं ओढलेला, त्यामुळे दिसतच नाही. ओळ संपली असं वाटून आपण वळतो. कधी त्या मुक्यात खांब घालून झाल्यावर वळणाच्या साखळीतही जादा टाका घातला जातो आणि टाके २५ होतात.

उपाय दोन रुपयांचा आहे. ओळीचा पहिला मुका खांब झाला की त्याच्या डोक्यात, म्हणजे वरच्या दोन पदरांत, सेफ्टी पिन अडकवा. परत येताना जिथे पिन, तिथे शेवटचा खांब. पिन काढून पुढच्या ओळीच्या पहिल्या मुक्याला लावा.

या नक्षीची एक सोय म्हणजे चूक ती स्वतः सांगते. प्रत्येक ओळ मुक्यानं सुरू होऊन खांबावर संपलीच पाहिजे. मुक्यावर संपली तर एक टाका गेला किंवा वाढला. मात्र दोन्ही काठांना एकेक गेला असेल तर २२ उरतात, ओळ खांबावरच संपते आणि सगळं ठीक दिसतं. म्हणून पहिल्या पाच-सहा ओळी तरी प्रत्येक ओळ मोजाच. चूक सापडली तर पुढच्या ओळीत जादा टाका घालून भरपाई करू नका. तिथे फुगवटा येतो आणि दाणे विस्कटतात. त्या ओळीपर्यंत उसवा.

साखळीच आवळली

खालची कड आत ओढलेली आणि वरचा भाग पसरलेला असेल तर दोष साखळीचा. नवीन हात साखळी घट्ट घालतो, पुढे टाके आपसूक सैल होतात. साखळी ५ मिमीच्या सुईनं घाला, पहिल्या ओळीपासून ४ मिमीची घ्या. विणून झाल्यावर ओढून, ताणून ही कड सुटत नाही.

सुई आणि लोकर

आठवडी बाजारात मिळणाऱ्या पोलादी बारीक सुया रुमालाच्या, तोरणाच्या दोऱ्यासाठी असतात. त्यांनी लोकर विणली की टोक पदरांत घुसतं, दोरा चिरतो आणि चौकोन ताठ होतो. या पोलादी सुयांचे नंबर उलटे चालतात: नंबर मोठा तितकी सुई बारीक. मिलिमीटरमध्ये सरळ हिशेब, आकडा मोठा तर सुई जाड. दुकानात नंबर सांगू नका, मिमी विचारा.

पहिल्या चौकोनाला काळी, जांभळी, गर्द निळी लोकर नको. संध्याकाळच्या बल्बच्या उजेडात त्यातले टाके दिसत नाहीत, आणि लाइट गेली की संपलंच. पिवळा, आकाशी, फिका गुलाबी घ्या. लागणारी सगळी लोकर एकदमच आणा. वेष्टणावरचा शेड नंबर (रंगाचा) आणि लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा) दोन्ही जुळवा. शेड तोच असला तरी लॉट बदलला की रंगात फरक पडू शकतो, आणि तालुक्याच्या दुकानात महिन्याभरानं तोच लॉट मिळेल याचा भरवसा नाही. किती आणायची ते कळायला पहिला चौकोन सोनाराच्या काट्यावर तोला. १२ ते १५ ग्रॅमच्या आसपास भरेल. बाळाच्या ३० बाय ३६ इंची दुपट्याला ३० चौकोन लागतात. त्याच्यावर किनारीसाठी आणि जोडणीसाठी थोडी जास्त धरा.

व्हिडिओतला ‘डबल’

व्हिडिओ पाहून विणताना टाक्यांच्या नावांचा घोळ होतो. अमेरिकन पद्धतीत मुक्या खांबाला सिंगल क्रोशे आणि खांबाला डबल क्रोशे म्हणतात. ब्रिटिश पद्धतीत मुक्यालाच डबल म्हणतात आणि खांबाला ट्रेबल. अर्धा नमुना एकीकडून आणि अर्धा दुसरीकडून घेतला की चौकोन दीडपट उंच होतो. नावाकडे लक्ष देऊ नका, हाताकडे पाहा: टाक्यात जाण्याआधी सुईवर वेढा घेतला तर खांब, नाही घेतला तर मुका.

दाण्यांऐवजी उभ्या रेघा

खांबावर खांब आणि मुक्यावर मुका पडला की दाणे जाऊन उभे पट्टे दिसतात. बहुतेक वेळा काम अर्ध्या ओळीत ठेवून उठल्यावर असं होतं. परत बसलं की खालचा टाका ओळखा: उंच, तिरप्या वेढ्याचा तो खांब, बुटका, गाठीसारखा तो मुका. उठायचंच असेल तर ओळ पुरी करून उठा. आणि टाक्याच्या डोक्याचे दोन्ही पदर सुईवर घ्या. एकच पदर घेतला तर आडवी रेघ उमटते आणि तिथे कापड सैल पडतं.

हाताचा ताण

एकाच बाईचा सकाळचा आणि रात्रीचा चौकोन वेगळा येतो, मग एकत्र विणणाऱ्या गटातल्या चौघींचे सारखे कसे येणार? सगळ्यांना एकच सुई देणं ही इथली नेहमीची चूक. सगळ्यांच्या हातात आकडा सारखा असून उपयोग नाही, माप सारखं हवं. प्रत्येकीनं एक चौकोन विणून टेपनं मोजावा. सहा इंचांपेक्षा मोठा आला तर तिला ३.५ मिमी द्या, लहान आला तर ४.५. टाके सगळ्यांचे २४च.

ओळी मात्र मोजत बसू नका. रुमालाची करतो तशी कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरकी घडी घाला. कडा जुळल्या तर झाला चौकोन. कुणाचा १६ ओळींत होईल, कुणाचा १८.

कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडांनी बोटं चिरलेली असतात, त्यात लोकर अडकते आणि ताण बिघडतो. दोरा धरायच्या बोटाला सुती चिंधी गुंडाळा. तेल लावून लगेच विणायला बसू नका, लोकरीवर डाग पडतात. लोकरीचा गुंडा पातेल्यात किंवा डब्यात ठेवला की सारवणावर लोळत नाही.

टोकं आणि इस्त्री

गाठ मारून जवळ कापलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं. किमान ६ इंच दोरा ठेवा, बोथट सुईनं एका दिशेला, मग उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेला ओवा.

अॅक्रिलिक लोकरीवर गरम इस्त्री टेकवू नका. धागा वितळून चपटा होतो, दाणे बसतात, आणि ते पुन्हा उठत नाहीत. चौकोन ओला करून सतरंजीवर टाचण्यांनी मापात ताणा आणि सावलीत वाळवा. ओला चौकोन तारेवर लटकवला तर तो लांबतो.

जोडणी

जोडण्याआधी प्रत्येक चौकोनाभोवती मुक्या खांबांचा एक फेर घ्या: चारही कोपऱ्यांत ३-३ टाके आणि दोन कोपऱ्यांच्या मधे २२. एकूण बरोबर १०० भरतात, त्यामुळे तपासणी सोपी. ओळींच्या बाजूला मुक्याच्या टोकाशी १ आणि खांबाच्या टोकाशी २ या हिशेबानं घेत जा. ओळी जास्त झाल्या असतील तर एखाद्या खांबाशी १च घेऊन २२ वर आणा. हा फेर चुकवला तर जोडताना एका चौकोनाचे २४ आणि दुसऱ्याचे २७ असे अंदाजपंचे टाके जुळवावे लागतात आणि शिवण लाटांसारखी येते.

आता टाक्याला टाका लावून आधी आडव्या पट्ट्या करा, मग पट्ट्या एकमेकींना जोडा. एकेक चौकोन चारही बाजूंनी लावत गेलं तर दर वेळी दोरा तोडावा लागतो. चार कोपरे जिथे भेटतात तिथे दोरा आवळू नका. कोपऱ्यातला मधला टाका मधल्याच टाक्याला लावा. तरी भोक राहिलं तर मागून चारही टाक्यांतून दोरा एकदा फिरवून हलकेच ओढला की ते मिटतं.