बुद्ध, महावीर आणि दोन रकान्यांचा तक्ता : या चुका टाळा

सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. एका मुलाने लिहिलं होतं, 'गौतम हे महावीरांचे पहिले गणधर (पट्टशिष्य).' गौतम म्हणजे बुद्धच असं धरून मी लाल पेनने फुली मारली आणि बाजूला शेरा ठोकला, 'गोंधळ!' दुसऱ्या दिवशी तो पेपर घेऊन समोर उभा. "सर, इंद्रभूती गौतम." झालं, गोंधळ माझाच होता. फुली खोडून गुण दिले.

तेव्हापासून मी मुलांना पहिली सूचना देतो ती नावांची. गौतम हे गोत्रनाम आहे, कुणा एकाची मालमत्ता नव्हे. बुद्धांचं घरचं नाव सिद्धार्थ, आणि महावीरांच्या वडिलांचं नावही सिद्धार्थ. बुद्धांची पत्नी यशोधरा. श्वेतांबर परंपरेत महावीरांची पत्नी यशोदा, तर दिगंबर परंपरेत ते अविवाहितच. एका रकान्यात बुद्ध, दुसऱ्यात महावीर असा तक्ता घोकणारा इथे हमखास घसरतो. त्यापेक्षा नाव गावाला बांधून ठेवा. लुंबिनी, कपिलवस्तू, कुशीनगर हा बुद्धांचा धागा; कुंडग्राम, वैशाली, पावापुरी हा महावीरांचा.

सनावळीतही तीच गत. महावीरांसाठी जैन परंपरा इ.स.पू. ५९९–५२७ मानते, काही पुस्तकं इ.स.पू. ५४०–४६८ देतात. दोन पुस्तकं शेजारी ठेवून टिपणं काढणारे ५९९–४६८ लिहून मोकळे होतात, म्हणजे १३१ वर्षांचं आयुष्य! वजाबाकी करून बघा : महावीर ७२ वर्षं जगले, बुद्ध ८०. उत्तर जुळलं नाही तर दोन परंपरा एकमेकींत मिसळल्या आहेत. बुद्धांसाठी इ.स.पू. ५६३–४८३ चालतं, पण आता बरेच अभ्यासक त्यांचं महापरिनिर्वाण इ.स.पू. ४०० च्या आसपास आणतात, तेव्हा 'सुमारे' लिहायला लाजू नका.

'महावीरांनी जैन धर्माची स्थापना केली' हे वाक्य तर दर तिसऱ्या वहीत सापडतं. महावीर चोविसावे तीर्थंकर. तेविसावे पार्श्वनाथ परंपरेनुसार त्यांच्या सुमारे २५० वर्षं आधीचे, वाराणसीचे. पार्श्वनाथांचा चातुर्याम धर्म अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह यांचा. महावीरांनी ब्रह्मचर्य हे पाचवं व्रत वेगळं काढलं. हे का करावं लागलं, यावर उत्तराध्ययन सूत्र या जैन ग्रंथात एक सुंदर संवाद आहे. पार्श्वनाथांच्या परंपरेतले केशी विचारतात, ध्येय एक असताना व्रतं चार कुठे आणि पाच कुठे? उत्तर देणारे पुन्हा आपले इंद्रभूती गौतम. ते म्हणतात, सुरुवातीची माणसं सरळ पण मंद होती, मधल्या काळातली सरळ आणि शहाणी, शेवटची वाकडी आणि मंद. शेवटच्यांना सगळं फोड करून सांगावं लागतं. (वर्गात हे वाचलं की मागच्या बाकावर नेहमी खसखस पिकते.)

या दोन धर्मांच्या उदयाच्या कारणांचा प्रश्न आला की 'यज्ञ आणि कर्मकांडाला लोक कंटाळले' एवढ्यावर थांबू नका. ते खरं आहे, पण अर्धंच. त्या काळी मगध-कोसलात घर सोडून हिंडणाऱ्या श्रमणांचे कितीतरी पंथ होते. पाली ग्रंथांत बुद्धांचे समकालीन म्हणून सहा आचार्य येतात. निगण्ठ नातपुत्त, म्हणजे महावीर, त्यांतले एक. दुसरे मक्खलि गोसाल, आजीविक नावाच्या श्रमणपंथाचे. बराबर टेकड्यांतली लेणी अशोकाने याच आजीविकांना दिली. तक्त्यात तिसरा रकानाच नसल्यामुळे हे लोक आपल्या उत्तरांतून गायब होतात.

आणि या श्रमणांना जेवू कोण घालत होतं? भातशेतीतून उरणारं धान्य होतं, शहरं वाढत होती, व्यापारी श्रीमंत झाले होते. भारहुतच्या बौद्ध स्तूपावरच्या एका शिल्पात ही अख्खी अर्थव्यवस्था दिसते. अनाथपिंडिक हा श्रेष्ठी, म्हणजे धनाढ्य व्यापारी, बुद्धांच्या संघासाठी जेतवन हे उद्यान विकत घेतो; किंमत अशी की जमीन नाण्यांनी झाकायची. शिल्पात बैलगाडी सोडलेली आहे आणि माणसं जमिनीवर चौकोनी नाणी फरशीसारखी मांडताहेत. ती त्या काळची आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी. उत्तरात हे एवढं आलं तरी पुरे.

तत्त्वज्ञानात 'दोघांनीही ईश्वर नाकारला' इथून 'दोघांनीही आत्मा नाकारला' इथवर उडी मारू नका. जैन विचारात जीव नित्य आहे आणि कर्म हे त्याला चिकटणारं सूक्ष्म द्रव्य. बुद्ध अनात्म सांगतात, म्हणजे नित्य आत्मा नाहीच, आणि कर्म म्हणजे मुळात चेतना, हेतू. संगीतींत, म्हणजे धर्मग्रंथ ठरवायला भरलेल्या सभांत, पाटलिपुत्र दोन्हीकडे येतं, तेवढं सांभाळा. वलभीची सभा मात्र जैनांची, आचार्य देवर्धिगणींची.

आता लेण्यांकडे. अजिंठ्यात जैन लेणी नाहीत. वेरूळला ३४ पैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. नावांवर जाऊ नका : 'विश्वकर्मा' किंवा 'सुताराचं लेणं' म्हणतात ते दहावं लेणं बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह, आहे आणि बत्तिसावी 'इंद्रसभा' जैन. मूर्तीपुढे अडलात तर आधी हात पाहा. हात जमिनीला टेकलेला, अभय देणारा किंवा उपदेशाच्या मुद्रेत असेल तर बुद्ध. दोन्ही हात मांडीवर असतील तर खांद्यावर चीवराची, म्हणजे भिक्खूच्या वस्त्राची, रेघ शोधा. ती असेल तर बुद्ध, नग्न असेल तर जिन, म्हणजे जैन तीर्थंकर. उत्तरेकडे जिनाच्या छातीवरचं श्रीवत्स हे चिन्ह मदतीला येतं, दख्खनमध्ये ते बरेचदा नसतं. डोक्यावर फणा दिसताच 'पार्श्वनाथ' म्हणू नका, मुचलिंद नाग बुद्धांवरही फणा धरतो. पायांवर वेली चढलेल्या असतील तर तो जैनांचा तपस्वी बाहुबली, आणि बाहुबली चोवीस तीर्थंकरांत मोडत नाही.

नाशिकची पांडवलेणीही पांडवांची नाहीत, बौद्ध भिक्खूंची आहेत. तिथल्या तिसऱ्या लेण्याचं दान देणारी सातवाहन राजमाता म्हणजे गौतमी बलश्री, गौतमीपुत्र सातकर्णीची आई. हे नाव सांगितलं की वर्गातून हटकून हात वर होतो, "सर, हा गौतम कुठला?" हा तिसराच.